तुकडा सरकला की अर्थ सरकतो

१४ एप्रिलची मिरवणूक असो, विहारातला वर्षावासाचा कार्यक्रम असो की कोणाच्या मुलीचा मंगल परिणय असो, हल्ली प्रत्येक वस्तीत एक गोष्ट हमखास घडते. कार्यक्रम संपतो, मांडव सुटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दीडदोनशे व्हिडिओ येऊन पडतात. कोणाचा बारा सेकंदांचा, कोणाचा चार मिनिटांचा. कोणी फोन उभा धरलेला, कोणी आडवा. प्रतिमेला हार घालण्याचा एकच प्रसंग पाच जणांनी पाच बाजूंनी घेतलेला. शूटिंग करणारे हात शंभर झाले आहेत. ते तुकडे जुळवणारे हात मात्र वस्तीत दोन किंवा तीन.

हा लेख त्या दोनतीन हातांसाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. रात्री अकरा वाजता मुलगी फोनवर किंवा मंडळाच्या जुन्या कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्या पुढेमागे सरकवत बसलेली दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, "कसला खेळ चाललाय?" वाचकहो, तो खेळ नाही. त्याला एडिटिंग म्हणतात आणि त्या पट्ट्यांच्या मांडणीला टाईमलाईन म्हणतात. टाईमलाईनवर वेळ डावीकडून उजवीकडे चालते. व्हिडिओचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक क्लिप. तुकडा जितका लांब, तितकी पट्टी लांब. पट्ट्या एकाखाली एक अशा थरांवर ठेवतात. त्या थराला ट्रॅक म्हणतात. साधारणपणे वर चित्राचे ट्रॅक, खाली आवाजाचे. एक उभी रेघ या सगळ्यावरून फिरते आणि ती ज्या ठिकाणी उभी असेल तिथले चित्र पडद्यावर दिसते. एवढे कळले की अर्धे कळले. उरलेले अर्धे म्हणजे पट्टी उचलून दुसरीकडे ठेवली की काय होते, हे. सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे.

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना लग्नाच्या कॅसेटचा काळ आठवत असेल. शूटिंगवाला खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन यायचा, हॅलोजनच्या उजेडाने नवरीला घाम फोडायचा आणि महिन्याभराने "मिक्सिंग" करून तीन तासांची कॅसेट द्यायचा. मिक्सिंगसाठी त्याच्याकडे दोन व्हीसीआर असत. एकातून मूळ कॅसेट चालवायची आणि हवा तेवढा भाग दुसऱ्यात उतरवून घ्यायचा. आधी हळद, मग वरात, मग लग्न, मग जेवणावळ. सगळे रांगेने. मेख इथेच होती. तिन्ही तास उतरवून झाल्यावर मावशी म्हणाली, "माझा आहेर कुठं दिसत नाही?" तर तो मध्ये घालायला जागाच नसे. एकतर तेवढ्याच लांबीचे दुसरे काही पुसून तिथे मावशीला बसवायचे, नाहीतर त्या ठिकाणापासून पुढचे सगळे पुन्हा उतरवायचे. उतरवलेल्यावरून पुन्हा उतरवले की चित्र फिकट होई, जशी झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तशी. मावशीची समजूत घालणे हाच त्यातला स्वस्त मार्ग होता.

त्याच्याही आधीचे सिनेमावाले या बाबतीत जास्त सुखी होते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चाले. एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागे. ती फिल्म खरोखरच कापता येई. तुकडे हुकांना टांगून ठेवायचे, हवा तो काढायचा, हव्या त्या जागी चिकटवायचा. तुकडा मध्ये घातला की पुढची फिल्म आपोआप तेवढी लांब होई. हे काम सुरुवातीपासून बायकांनी फार मोठ्या प्रमाणावर केले आहे. सोविएत संघात १९२९ साली जिगा व्हर्तोव याने शहराच्या धावपळीवर एक मूकपट काढला. त्यात एलिझावेता स्विलोवा ही त्याची पत्नी स्वतः संकलनाच्या टेबलाशी बसून तुकडे निवडताना, जोडताना दिसते. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या रेणू सलुजा यांचे नाव मोठे आहे. 'परिंदा' आणि 'धारावी' या चित्रपटांच्या संकलनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००० साली त्या गेल्या. मुलगी हे शिकते म्हणाली तर ही नावे घरात माहीत असावीत, म्हणून सांगितली.

मग कॉम्प्युटर आला. १९७१ साली अमेरिकेत सीएमएक्स ६०० नावाचे पहिले यंत्र निघाले, १९८९ साली अ‍ॅव्हिड आले, १९९१ साली अ‍ॅडोबीचे प्रीमियर. १९९७ च्या मार्चमध्ये 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटासाठी वॉल्टर मर्च यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले तेव्हा कॉम्प्युटरवर जुळवलेला चित्रपट पहिल्यांदाच त्या मानाला पोचला. आज तेच काम सातआठ हजारांच्या फोनवर होते.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे कॉम्प्युटर नेमके काय करतो हे आम्हाला खतावणीच्या भाषेत चटकन उमजले. हिशेबाच्या वहीत आपण नोटा चिकटवत नाही, नोंद करतो. अमुक तारीख, अमुक व्हाउचर, इतके रुपये. व्हाउचर स्वतः वेगळ्या फाईलला लावलेले असते. टाईमलाईन ही तशीच वही आहे. तिच्यावरची पट्टी म्हणजे व्हिडिओ नव्हे, व्हिडिओची नोंद. अमुक फाईल घ्या, चौदाव्या सेकंदापासून बाविसाव्या सेकंदापर्यंत दाखवा, एवढेच त्यात लिहिलेले असते. पट्टी कापली, मागेपुढे केली, पुसून टाकली तरी मूळ फाईलला ओरखडा उठत नाही. म्हणून मावशीचा आहेर आज दहा वेळा सरकवता येतो आणि चित्र फिकट होत नाही.

पण व्हाउचरच हरवले तर? फोनमध्ये जागा नाही म्हणून मुले मूळ व्हिडिओ पुसतात, किंवा कोणाच्या पेनड्राईव्हवरूनच काम करतात आणि पेनड्राईव्ह परत देऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडले की पट्ट्या सगळ्या जागेवर, आत चित्र नाही. ऑडिटरसमोर वही उघडी आहे आणि व्हाउचरची फाईल गायब, अशी ती गत असते. तेव्हा काम सुरू करण्याआधी एका फोल्डरमध्ये सगळे मूळ व्हिडिओ आणावेत, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि फिल्म पूर्ण झाली तरी ते फोल्डर हलवू नये. व्हिडिओ आणतानाही सावध असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि तो केव्हा घेतला याची फाईलमधली नोंदही हरवते. मग हळद आधी की वरात आधी हे फाईलकडे पाहून कळत नाही. केबलने घ्यावा, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे. तसा पाठवला की फाईल जशीच्या तशी येते.

आता पट्टी सरकवणे. नळावरची हंड्यांची रांग डोळ्यांपुढे आणा. रांगेत कोणी मध्येच आपला हंडा घातला तर मागचे सगळे हंडे एकेक जागा मागे सरकतात. टाईमलाईनवर याला इन्सर्ट म्हणतात. नवी क्लिप मध्ये शिरते, पुढचे काही पुसले जात नाही, फिल्म तेवढी लांबते. दुसरा प्रकार दांडगाईचा. कोणी दुसऱ्याचा हंडा बाजूला काढून त्याच जागी आपला ठेवला तर रांगेची लांबी तेवढीच राहते, पण एकाची पाळी गेली. हे ओव्हरराईट. नवी क्लिप जितकी लांब, तितके खालचे झाकले जाते. काढण्याचेही असेच दोन प्रकार. हंडा उचलला आणि जागा मोकळी ठेवली तर ते लिफ्ट. पडद्यावर तेवढा वेळ काळोख येतो. हंडा उचलला आणि मागचे सगळे पुढे सरकले तर ते रिपल डिलीट. शॉटकट नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये झेड दाबले की लिफ्ट, एक्स दाबले की रिपल डिलीट. व्ही दाबले की इन्सर्ट, बी दाबले की ओव्हरराईट. चार अक्षरे चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवून ठेवली की आठवड्यात बोटांना सवय होते.

फोनवरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये मुख्य ओळीत रिकामी जागा राहतच नाही. एक क्लिप काढली की पुढच्या आपोआप येऊन चिकटतात. २०११ साली फायनल कट प्रो एक्स या प्रोग्रॅमने हीच पद्धत आणली आणि तिला लोहचुंबकाचे नाव दिले, तेव्हा जुने संकलक भलतेच रागावले होते. नवशिक्याला ती सोयीची आहे. पण क्लिप आपोआप सरकल्यावर वर लिहिलेली नावे आणि खाली घातलेले गाणे आपापल्या माणसाखालीच राहिले ना, ते दर वेळी पाहावे. नाहीतर सरपंचांच्या चेहऱ्याखाली आचाऱ्याचे नाव येते. असे झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि सरपंचांनीही.

सगळ्यात जास्त घोटाळा आवाजाचा होतो. समजा चित्राच्या ट्रॅकवरून तुम्ही दोन सेकंद काढले आणि तिथले हंडे पुढे सरकले, पण आवाजाच्या ट्रॅकवरचे जागेवरच राहिले. तिथून पुढे शेवटपर्यंत ओठ आधी हलतात आणि शब्द दोन सेकंदांनी येतात. भाषण देणारा एक आणि शब्द दुसऱ्याचे, असेही होते. म्हणून मधले काही काढायचे असेल तर सगळ्या ट्रॅकवरून एकदम काढावे, किंवा चित्र आणि त्याचा आवाज एकमेकांना बांधून ठेवावेत. तशी सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते. कार्यक्रमभर चालणारे पार्श्वसंगीत मात्र हलू नये म्हणून त्या ट्रॅकला कुलूप लावावे. कुलपाचे चित्र तिथेच असते. आणखी एक बारकावा. फोनचा कॅमेरा सेकंदाला नेमकी ३० चित्रे घेतोच असे नाही. उजेड कमी झाला की कमी घेतो. अशा फाईलमध्ये अर्ध्या तासाच्या भाषणाच्या शेवटी आवाज हळूहळू मागे पडलेला सापडतो. मुलांना वाटते आपणच काहीतरी बिघडवले. शॉटकट अशी फाईल ओळखून ती आधी बदलून घ्यायची का, असे विचारते. तेव्हा 'हो' म्हणावे.

स्लिप नावाचा एक प्रकार आहे, तो मुलांना उशिरा कळतो आणि कळला की फार आवडतो. घराच्या खिडकीतून मिरवणूक पाहताना खिडकी जागेवर असते, तिचा आकारही बदलत नाही, फक्त आत दिसणारी मिरवणूक पुढे सरकते. स्लिपमध्ये पट्टी टाईमलाईनवर जिथल्या तिथे राहते, तेवढीच लांब राहते, पण तिच्या आत मूळ व्हिडिओचा आधीचा किंवा नंतरचा भाग आणता येतो. हार घालतानाच्या चार सेकंदांत चेहरा वळलेला असेल तर शेजारच्या पट्ट्यांना धक्का न लावता पुढचे चार सेकंद दाखवता येतात. दोन क्लिपांमधली हद्द सरकवण्याचा रोल नावाचा प्रकारही आहे. चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत हातभर सरकवली की एकाची खोली वाढते, दुसऱ्याची घटते, चाळ तेवढीच राहते. तो सहज जमतो.

इथवरचे सगळे हाताचे काम झाले. आता जे सांगायचे ते डोक्याचे आहे.

१९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला असे सांगतात. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याच्या शेजारी एकदा सूपची वाटी ठेवली, एकदा शवपेटी. चेहऱ्याचा तुकडा तोच. पण वाटीनंतर लोकांना नट भुकेला वाटला आणि शवपेटीनंतर दुःखी. नटाने काहीच केले नव्हते. शेजार बदलला होता. १९२७ साली एस्फिर शुब या बाईने तर मुख्यतः जुन्याच चित्रणातून आख्खा चित्रपट उभा केला. झारच्या राजवाड्यातली घरगुती चित्रे आणि जुन्या बातमीपटांची रिळे तिने शोधून काढली आणि त्यातूनच रोमानोव्ह घराण्याच्या अस्ताची कहाणी सांगितली. जहाजावर नाचून घामाघूम झालेले अमीर-उमराव आणि लगेच त्यांच्या शेजारी घाम गाळणारे कष्टकरी. झारने ती चित्रे हौसेने काढून घेतली होती. शुबने शेजार बदलला आणि तीच त्याच्याविरुद्ध बोलू लागली. आमच्या मते हे लबाडीचे काम नव्हते. दोन्ही घाम खरे होते आणि ते एकाच देशात गळत होते.

लबाडी कुठे सुरू होते? आमच्या वस्तीत नुकतेच जे घडले ते सांगतो. इथे एक आजी होत्या, मूळच्या अकोल्याकडच्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या आणि आईवडिलांबरोबर तिथे गेल्या होत्या. वस्तीतल्या एका शिकणाऱ्या मुलाने त्यांना दारात खुर्चीवर बसवून चाळीसएक मिनिटे बोलते केले आणि फोनवर अकरा तुकड्यांत ते उतरवून घेतले. पुढे काही महिन्यांनी आजी वारल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दाखवण्यासाठी त्या मुलाने तीन मिनिटांची फिल्म केली. फिल्म सुरेख झाली होती. आजी सांगतात, रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती, आईने पांढरे लुगडे उसने आणले होते, सगळे मैदान पांढरे झाले होते. मग सांगतात, सर्वांनी उभे राहून प्रतिज्ञा घेतल्या. आणि लगेच पुढचा तुकडा, डोळे पुसत, "मी लय रडली." विहारात बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ती फिल्म शेकडो फोनवर गेली.

आजींची लेक मात्र गप्प होती. चार दिवसांनी ती त्या मुलाकडे गेली आणि म्हणाली, "बाळा, माझी आई प्रतिज्ञेच्या वेळी रडली नव्हती." मूळ तुकडे शाबूत होते, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले. नववा तुकडा उघडला. त्यात आजी सांगत होत्या, "परत येतानी टेशनावर गर्दीत माहा लहाना भाऊ हरपला. मी लय रडली. मंग एका पोलिसानं आणून देल्ला." आणि प्रतिज्ञांबद्दल सहाव्या तुकड्यात होते, "आम्ही लेकरं हासत होतो. मोठी माणसं मोठ्यानं म्हनत होती, आम्हीबी म्हनलं. समजत नोतं काही, पन बरं वाटत होतं."

त्या मुलाने चार सेकंदांची एक पट्टी उचलून तीन पट्ट्या आधी ठेवली होती. बाकी काही नाही. शब्द आजींचेच, चेहरा आजींचाच, आवाजाला हात लावलेला नाही. तरीही जे त्यांनी कधीच सांगितले नव्हते ते त्यांच्या तोंडून सांगितले गेले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्याने मोठ्या दिवसाला शोभेलसा शेवट शोधला होता. पण आमच्या मते त्याने हातातले सोने टाकून पितळ घेतले होते. प्रतिज्ञेच्या वेळी लोक भारावून गेले होते हे आपण शंभर ठिकाणी वाचलेले आहे. त्या गर्दीत दहा वर्षांची पोरे हसत होती आणि त्यांना नुसतेच बरे वाटत होते, हे सांगणारी माणसे आता किती उरली आहेत? आजींची लेक पुढे जे बोलली ते आम्हाला विसरता येत नाही. ती म्हणाली, "माझ्या पोरांची पोरं हेच बघतील. त्यांना हीच आजी खरी वाटेल."

मुलाने त्याच रात्री नवी फिल्म केली. "मी लय रडली" आपल्या जागी गेले, त्याच्या मागे भाऊ हरवल्याचे आणि पुढे पोलिसाचे वाक्य आले. प्रतिज्ञेनंतर हसण्याचा तुकडा आला. फिल्म तीन मिनिटांची चार मिनिटांची झाली. पहिली फिल्म मात्र अजून फोनाफोनांतून फिरते आहे. ती परत बोलावता येत नाही.

म्हणून वस्तीच्या मंडळाने तेव्हापासून एक साधी कसोटी धरली आहे. मिरवणूक, नाच, जेवणाच्या पंगती, सजावट यांचे तुकडे हवे तसे फिरवावेत. लेझीम आधी दाखवली की ढोल आधी, याने कोणाचे बिघडत नाही. पण माणूस बोलत असेल तर त्याच्या दोन वाक्यांमधले काढलेले चालेल, त्याची वाक्ये आधीची नंतर आणि नंतरची आधी करायची असतील तर त्यालाच दाखवून विचारावे. तो नसेल तर घरच्यांना विचारावे. टाळ्यांचेही तसेच. एका वक्त्याला पडलेल्या टाळ्या उचलून दुसऱ्याच्या भाषणामागे लावणे हा प्रकार निवडणुकीच्या दिवसांत सर्रास चालतो. प्रेक्षकांतला डुलकी घेणारा माणूस नेमका नावडत्या वक्त्याच्या वेळी दाखवणे हाही त्याचाच भाऊ.

मोठी कामे कशी धीराने होतात हे पाहायचे तर आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचे बळी गेले आणि त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून हा माहितीपट सुरू होतो. तो २०११ साली पुरा झाला. चौदा वर्षांत जमलेले चित्रण तीन तासांच्या आसपास बसवायचे म्हणजे किती तुकडे उचलून कुठे ठेवावे लागले असतील, आणि किती बाहेर ठेवावे लागले असतील, याचा विचार करत तो एकदा पाहावा. घटनेनंतर इतक्या वर्षांनीही तो सांगता आला, कारण तुकडे जपून ठेवलेले होते.

आणि शेवटची, पण सगळ्यात काळजीची बाब. एखाद्या वस्तीत मारहाण होते, पुतळ्याची विटंबना होते, कोणी फोनवर ते टिपतो. पहिली इच्छा होते ती त्याला कापून, जोडून, वर मजकूर लिहून, गाणे घालून पाठवण्याची. कृपा करून तसे करू नये. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार व्हिडिओची प्रत कोर्टात द्यायची तर ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलमधल्या आकड्यांवरून काढलेली खूण, अंगठ्याच्या ठशासारखी. एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो. पूर्वीच्या कायद्यातही कलम ६५-ब खाली प्रमाणपत्र लागतच होते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला वाद याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला, असा आक्षेप होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच कोर्टापुढे आणले तर गोष्ट वेगळी, पण प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच.

तेव्हा असा व्हिडिओ हाती आला तर तो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये उघडूच नये. फोनच्या गॅलरीत 'ट्रिम' करून 'सेव्ह' दाबले तर काही फोनमध्ये मूळच्याच जागी कापलेली फाईल बसते. तो फोन जपून ठेवावा, विकू नये, रिसेट करू नये. फाईलची प्रत केबलने काढावी, वकिलाला दाखवावी. लोकांना दाखवण्यासाठी फिल्म करायचीच असेल तर ती प्रतीवर करावी.

आता शिकणाऱ्यांसाठी थोडे. शॉटकट आणि केडेनलाईव्ह हे दोन्ही प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहेत, चोरीची कॉपी शोधत बसण्याची गरज नाही. दाविंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती मिळते, पण तिला चांगला तगडा कॉम्प्युटर लागतो. जुना कॉम्प्युटर अडखळत असेल तर 'प्रॉक्सी' नावाची सोय वापरावी. त्यात मूळ व्हिडिओची हलकी प्रत घेऊन काम चालते आणि शेवटी फिल्म निघते ती मूळ फाईलवरूनच.

आणि कॉम्प्युटर एकच, माणसे दहा, अशी परिस्थिती असेल तर आधी कागदावर जुळवावे. आमच्या महिला मंडळाने ३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीची फिल्म अशीच केली. मुलींनी सगळे व्हिडिओ पाहून प्रत्येकाची एक चिठ्ठी केली. चिठ्ठीवर फाईलचा नंबर, आत काय आहे ते आणि किती सेकंद. त्या चौसष्ट चिठ्ठ्या विहारातल्या सतरंजीवर पसरल्या आणि सगळ्या बायका भोवती बसल्या. प्रतिमापूजन आधी की लहान मुलींचे गाणे आधी, यावर अर्धा तास वाद झाला. चिठ्ठी उचलून मागे ठेवली, पुन्हा पुढे आणली. एका वयस्क बाईंना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मुलीने प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात छोटे चित्र काढले, हार, माईक, पाटी, ताट. त्यानंतर सर्वांत जास्त चिठ्ठ्या त्या बाईंनीच हलवल्या. रांग ठरल्यावर वरून फोनने फोटो काढला आणि एकटी मुलगी कॉम्प्युटरवर बसली. दोन संध्याकाळींत फिल्म झाली. गैरसोय एकच. चिठ्ठ्या उडतात म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकावे.